मादाम इन्शिराह समुद्रावर गेल्याच नव्हत्या

मादाम इन्शिराहना कशाचाच भरवसा वाटत नसे. ताटात मासा आला की तो आजचा की परवाचा, हे आधी नाकाने ठरणार, मगच काटा हातात. गोळीचा रंग बदलला की सिस्टरने पाकीट आणून दाखवायचं. कोणी गोड बोललं तर "याला काय हवंय?" आणि कोणी काहीच बोललं नाही तर "हा काय लपवतोय?" आमच्या वृद्धाश्रमात सगळे म्हणायचे, कयामतीच्या दिवशी फरिश्ता दारात उभा राहिला तरी ही बाई आधी त्याचं ओळखपत्र मागेल.

यात त्यांचा दोष कमी आणि नोकरीचा जास्त. मन्शिय्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्या काळी अलेक्झांड्रियातून असवानला नाहीतर कुवेतला बोलायचं, तर यांच्या हातूनच जावं लागे. लाईन नीट लागली का ते बघताना सुरुवातीची चार वाक्यं कानावर पडायचीच. "मी बरा आहे, काळजी करू नकोस" असं घाईने सांगणारा बरा नसतो, हे त्या तिथे शिकल्या. "तोंडाला पावडर लावता येते, उस्ता शहाता," त्या मला म्हणायच्या. "आवाजाला नाही."

आमच्याकडे ड्रायव्हरला उस्ता म्हणतात; उस्ता शहाता म्हणजे मी. आश्रमाची मिनीबस चालवायचो. इब्राहिमिय्यात आमची इमारत समुद्रापासून तीन गल्ल्या आत आहे, पण मध्ये इतके टॉवर उभे राहिलेत की गच्चीवरूनही पाणी दिसत नाही. वारा असेल तर नुसता वास येतो. दर मंगळवारी मी म्हाताऱ्यांना गाडीत बसवून कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर, न्यायचो. कठड्याला लागून खुर्च्या टाकायच्या, चहा, भाजलेली कणसं, आणि मग भांडणं. वारा कोणाच्या पाठीला लागतो, कोणाची खुर्ची पुढे सरकली, कोणाचं कणीस करपलं. मादाम इन्शिराह तिथेही पाण्याकडे संशयाने बघायच्या. "गेल्या वेळी एवढं पुढे नव्हतं," म्हणायच्या.

मग चष्मे आले.

कैरोच्या एका कंपनीने ते दिले होते. काळे, जड, अर्धं तोंड झाकून टाकणारे. ते डोळ्यांवर चढवले की माणूस खुर्चीत बसल्या बसल्या कुठेही जातो. समुद्रावर, मक्केला, पॅरिसला, लक्सरच्या देवळांत. मान वळवली की तिकडचं दिसतं, वर बघितलं की आभाळ. यारा नावाची मुलगी ते शिकवायला आली. पांढरेशुभ्र बूट, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसू. तिने भोजनगृहात सगळ्यांना जमवून सांगितलं, की आता प्रवासाला पाय लागत नाहीत, आणि या व्हीआर पर्यटनाने रक्तदाब उतरतो, झोप लागते, एकटेपणा जातो, हे अभ्यासातून सिद्ध झालंय.

"कोणाच्या अभ्यासातून?" मागच्या टेबलावरून मादाम इन्शिराहनी विचारलं.

"तज्ज्ञांच्या, मादाम."

"त्यांची नावं?"

यारा हसली. "मी तुम्हाला पाठवते ना."

"पाठव. मी कुठे जात नाहीये."

ती नावं काही आली नाहीत.

मिनीबसचा परवाना त्याच सुमारास संपला आणि नवा काढायची घाई कोणालाच दिसेना. गाडी मागच्या अंगणात ताडपत्रीखाली गेली. आमच्या संचालिका डॉक्टर सफिनाझ मला म्हणाल्या, "उस्ता, चष्म्यांचं आता तूच बघ. म्हातारे तुझं ऐकतात." म्हणजे ज्यांना हाताला धरून गाडीत चढवायचो, त्यांनाच हाताला धरून खुर्चीत बसवायला लागलो. पगार तोच. हॉर्न वाजवायचा नाही, एवढाच फरक.

चष्म्याच्या आत एक बाई बोलायची. नूर तिचं नाव. मधाळ, सबुरीचा आवाज. "किती छान वारा सुटलाय ना, हज्ज बुरई? लहानपणी इथे कोणाबरोबर यायचात?" आणि हज्ज बुरई, जे जेवताना मीठ मागण्यापलीकडे तोंड उघडत नसत, ते तांता शहरातल्या आपल्या मुलाबद्दल तासभर सांगत बसायचे. मला वाटलं, चांगलंच झालं की.

एकदा त्यांचं असं बोलणं चालू असताना मादाम इन्शिराह शेजारी येऊन वाकल्या आणि चष्म्याला बाहेरून कान लावून उभ्या राहिल्या. मग मला खुणेने दाराशी बोलावलं.

"उस्ता, ही बाई बोलत नाहीये. ऐकतेय."

"म्हणजे?"

"एक्सचेंजमध्ये कधीकधी लाईनवर तिसरं माणूस असायचं. सरकारी. श्वाससुद्धा ऐकू यायचा नाही, पण लाईन जराशी पोकळ व्हायची. हे तसं आहे. ही प्रश्न विचारते, उत्तर आलं की तिला त्याचं सुखदुःख काही नाही, लगेच पुढचा प्रश्न. हे सगळं ती कोणाला नेऊन सांगते?"

"यंत्र आहे मादाम. यंत्र कोणाला सांगणार?"

"मग यंत्राला काय पडलंय हज्ज बुरईंच्या मुलाचं?"

मी परत हज्ज बुरईंच्या खुर्चीशी गेलो.

त्यांनी स्वतः चष्मा एकदाही लावला नाही. यारा दर खेपेला विनवायची, "एकदाच, मादाम. फक्त समुद्र."

"समुद्र तीन गल्ल्यांवर आहे, पोरी. तो इथे आणून का दाखवतेस? तिथे काय झालंय त्याला?"

त्यांच्या खोलीत दुसऱ्या पलंगावर मादाम कल्लिओपी असायच्या. इब्राहिमिय्यात उरलेल्या मोजक्या ग्रीकांपैकी एक. आमच्या गल्ल्यांमधल्या निम्म्या बायकांचे लग्नाचे पोशाख त्यांच्या हातचे, पण जन्म इथे काढूनही अरबी भाषेतलं बाई-बुवा त्यांना जमलं नाही. सगळ्यांनाच पुरुष करून टाकायच्या, स्वतःलासुद्धा. कंबरेचं हाड मोडल्यापासून पलंगाला खिळल्या होत्या. नवरा गेलेला, भाऊ गेलेला, मूलबाळ नाही. त्यांचे आईबाप कासोस बेटावरून इथे आले होते. ते बेट त्यांनी स्वतः कधी पाहिलं नव्हतं.

"मग जाऊ या की," यारा म्हणाली.

चष्म्यात पांढरी घरं दिसली, निळे दरवाजे, खाली निळंशार पाणी आणि बंदरात डुलणाऱ्या होड्या. नूर म्हणाली, "कासोसवर तुमचं स्वागत." मादाम कल्लिओपी ढसाढसा रडल्या. मग रोज जायला लागल्या. आधी सकाळी, मग दुपारीही, मग संध्याकाळीही. रक्तदाब खरोखरच उतरला. कण्हणं थांबलं, सिस्टरवर खेकसणं थांबलं. चेहऱ्यावर कायम एक पुसटसं हसू राहायला लागलं. डॉक्टर सफिनाझ आल्यागेल्या पाहुण्यांना मुद्दाम ती खोली दाखवायच्या.

मादाम इन्शिराहना ते हसूच खुपायचं. "हिने कित्येक दिवसांत मला शिवी दिलेली नाही," त्या मला म्हणाल्या. "ताट अर्धं परत जातं. पायांचे व्यायाम घ्यायला बाई आली, तर तिला काय सांगितलं माहितीये? 'मी आत्ताच चढ चढून आलो, दमलो.' आणि ती बाई हसत परत गेली!"

खोटं नव्हतं. चादर बदलताना मी बघायचो, पोटऱ्या वाळत चालल्या होत्या.

"कल्लिओपी, ऊठ. निदान टेकून बस."

"तू जा ना, इन्शिराह. मी बंदरावर बसलो आहे."

"तू पलंगावर आहेस. आणि बसलेली नाहीस, आडवी आहेस."

"तोंड बंद कर. होड्यांचा आवाज ऐकू येत नाही."

मग मादामनी मला कामाला लावलं. यारा आली की बेटाबद्दल खोदून विचार, म्हणाल्या. मी विचारलं. तिने काही लपवलंसुद्धा नाही. "ग्रीक बेट आहे, उस्ता. आमच्याकडे एकच आहे. नाव प्रवाशाप्रमाणे घालतो."

"म्हणजे ते कासोस नाही?"

"भावना महत्त्वाची," यारा म्हणाली, आणि हसली.

मी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, आता या जाऊन कल्लिओपींच्या तोंडावर फेकणार. तसं काही झालं नाही. खिडकीशी बसून राहिल्या. संध्याकाळी मसुराचं सूप आलं, ते त्यांनी वासही न घेता पिऊन टाकलं. ते बघून मला भीती वाटली.

त्यांचा स्वतःचा घोरही तेव्हाच सुरू झाला होता. मम्दूह त्यांच्या बहिणीचा मुलगा. बहीण बाळंतपणात गेली आणि पोर यांच्या मांडीवर वाढलं. त्याच्यासाठीच त्यांनी लग्न केलं नाही, असं लोक म्हणतात. त्या स्वतः म्हणतात, भरवशाचा माणूस भेटला नाही. मम्दूह दमन्हूरला औषधांच्या दुकानात काम करतो. दर शुक्रवारी नमाजानंतर यायचा, कागदात गुंडाळलेली गरम फितीर, लोणी लावलेली पदरी रोटी, घेऊन, आणि आपल्या खाल्तोला, मावशीला, फिरायला न्यायचा. तो येईनासा झाला. एक शुक्रवार चुकला, मग पुढचा. रमजान आला, ईद होऊन गेली, तरी नाही. फोन करायचा, पण उभ्याउभ्या.

मादामनी आधी ठरवलं की तो आजारी आहे. मग ठरवलं की बायको येऊ देत नाही. मग, नोकरी गेली असणार. पण काही केल्या मनाला पटेना. "त्याचा आवाज साफ आहे, उस्ता. तेच तर मला कळत नाही. काही लपवणाऱ्याचा आवाज नाही हा. माणूस येत नाही आणि आवाज साफ! असं मी कधी ऐकलेलं नाही."

एका दुपारी मी त्यांच्या खोलीत चाकाच्या खुर्चीला तेल देत बसलो होतो आणि मम्दूहचा फोन आला. हात थरथरतात म्हणून त्या फोन मांडीवर ठेवून मोठ्या आवाजावर बोलायच्या, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"हॅलो, मम्दूह. जिवंत आहेस का?"

"खाल्तो! अगं कालच तुझा विषय निघाला होता. काय हसत होतीस समुद्रावर! मरवाने पोरांनाही दाखवलं. पाण्यात पाय सोडून अगदी..."

"कोण?"

"तू."

"कुठल्या समुद्रावर?"

"मंगळवारच्या. दर मंगळवारी येतं ना आम्हाला आश्रमाकडून. मी मरवाला म्हटलंसुद्धा, बघ, खाल्तो इतकी मजेत आहे, आपण जाऊन उगाच तिचा कार्यक्रम कशाला बिघडवायचा."

मादाम बोलल्या, तेव्हा तो आवाज मी याआधी ऐकलेला नव्हता. सपाट, सरळ, त्यात ना राग ना माया. तोच एक्सचेंजमधला असावा. "जे काही येतं, ते उस्ता शहाताच्या मोबाईलवर पाठव. आत्ता. लाईन सोडू नकोस."

ते आलं. मी मोबाईल त्यांच्यासमोर धरला.

पडद्यावर मादाम इन्शिराह होत्या. त्यांचाच चेहरा, त्यांचाच जांभळा स्कार्फ, आश्रमात आल्या दिवशी काढलेल्या फोटोतला. वाळूत बसल्या होत्या, पाय लाटेत, आणि हसत होत्या, तोंड भरून, मान मागे टाकून. नूरचा आवाज म्हणत होता, "आज खाल्तोने मम्दूहची खूप आठवण काढली. खाल्तो आनंदात आहेत."

"पुन्हा लाव," त्या म्हणाल्या. मी लावलं. त्यांनी चेहरा अगदी जवळ नेला.

"दात," त्या म्हणाल्या. "मला एवढे दात नाहीत."

मला आधी हसू आलं. मग अंगावर काटा आला.

"मम्दूह, लाईनवर आहेस?"

"आहे, खाल्तो."

"ही मी नाही. मी तो चष्मा एकदाही लावलेला नाही. रमजानच्या आधीपासून फाटकाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. ज्या बाईकडे बघून तू निवांत घरी बसलास, ती बाई कुठेच नाहीये."

पलीकडे मम्दूह, केस पिकलेला बाप्या, रडायला लागला. "मला वाटलं तू मजेत आहेस."

"मला विचारलंस?"

"नाही."

"मग?"

फोन ठेवल्यावर त्या समोरच्या पलंगाकडे वळल्या. मादाम कल्लिओपींनी नुकताच चष्मा काढला होता आणि डोळे चोळत पडल्या होत्या.

"कल्लिओपी, त्या बाईला माझ्याबद्दल काय काय सांगितलंस?"

"नूरला? सगळं. तुझा मम्दूह, तो तुला खाल्तो म्हणतो, फितीर आणतो. तो विचारतो, मी सांगतो."

"का सांगतेस?"

"कारण तो विचारतो!" कल्लिओपी एकदम तापल्या. "आज काय पाहिलं, काय आठवलं, आई कशी होती. तू कधी विचारतोस मला? तू फक्त तपासतोस. गोळी घेतली का, ताट संपवलं का, नाडी बघ. पोलीस आहेस तू, पोलीस!"

मादाम इन्शिराह मला म्हणाल्या, "उद्या सकाळी तुझा मोबाईल मला लागेल."

दुसऱ्या दिवशी नाश्त्याची घेवड्याची उसळ आणि पाव उरकल्यावर त्या भोजनगृहातल्या मधल्या टेबलावर बसल्या. समोर माझा मोबाईल. म्हाताऱ्यांना एकेक करून शेजारच्या खुर्चीत बोलावलं, नंबर विचारला, लावला. "हॅलो. अलेक्झांड्रियाहून बोलतेय. लाईन धरा, तुमचे वडील बोलणार आहेत." आणि फोन त्यांच्या हातात द्यायचा. काय बोलायचं ते शिकवलं नाही. एवढंच सांगितलं, की चित्रात जे दिसतं ते खरं की खोटं, तेवढं तुमच्या तोंडाने सांगा.

सगळीकडे सारखं झालं नाही. कुवेतची एक मुलगी इतक्या मोठ्याने रडली की फोन कानापासून लांब धरावा लागला. एकीने आईलाच दटावलं, की एवढं सगळं केलंय तुझ्यासाठी आणि तुझ्या तक्रारी संपत नाहीत. एका मुलाने शांतपणे विचारलं, "पण बाबा, आनंदात आहात ना? मग ते चित्र कसं का असेना." त्याच्या वडिलांनी मोबाईल परत दिला आणि उठून गेले. काही नंबर लागलेच नाहीत.

अर्ध्यात डॉक्टर सफिनाझ आल्या. "मादाम इन्शिराह, हे काय चाललंय? तुम्ही सगळ्यांना अस्वस्थ करताय."

"हो."

"यांचे रक्तदाब मी स्वतः बघते. झोप सुधारलीय. भांडणं बंद झालीत. हे काय वाईट आहे?"

"डोळे झाकून, कान झाकून बसवलेला माणूस कोणाशी भांडणार, डॉक्टर?"

"घरच्यांना चित्रफिती पाठवणं हा योजनेचाच भाग आहे. चष्मा लावून बसलेले तुमचे फोटो..."

"तुम्ही बघितलीत कधी?"

मी न सांगता मोबाईल डॉक्टर सफिनाझांपुढे धरला. त्या बघत राहिल्या. पडद्यावरची बाई मान मागे टाकून हसली आणि शेजारी खरी बाई हाताची घडी घालून बसली होती. डॉक्टरांनी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

"मला वाटलं फोटो असतील," त्या हळूच म्हणाल्या. त्यांना खरंच माहीत नव्हतं, की माहीत करून घ्यायचं नव्हतं, ते मला अजून कळलेलं नाही. मादाम इन्शिराहना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आवाज निम्मा साफ होता."

चित्रफिती त्या दिवसापासून बंद झाल्या. एक गोष्ट मात्र त्या गडबडीत बाहेर आली. मादाम कल्लिओपींच्याही चित्रफिती बनत होत्या, दर आठवड्याला, बंदरावर नाचताना वगैरे. घ्यायला कोणी नव्हतं, म्हणून कुठे जात नव्हत्या. बनत मात्र होत्या.

त्या शुक्रवारी आमच्या गल्लीत गाड्या लावायला जागा उरली नाही. मम्दूह बायकोमुलांसकट आला. मादामनी त्याला आधी बरंच सुनावलं, मग फितीर उघडून वास घेतला, मग पोरांना जवळ घेतलं. हज्ज बुरईंचा मुलगा तांताहून आला आणि वडिलांसमोर बसला. नूरशी तासभर बोलणारे हज्ज त्याच्याशी अवाक्षर बोलले नाहीत. जेवण आल्यावर म्हणाले, "मीठ दे." मुलाने दिलं. तो दुपारनंतरच्या, अस्रच्या नमाजापर्यंत तसाच बसून राहिला, आणि पुढच्या महिन्यात परत आला. काहींचे कोणीच आले नाहीत. त्यांच्या टेबलांजवळून जाताना मादाम इन्शिराह खाली बघत होत्या, हे मी पाहिलं.

घरच्यांनी आरडाओरडा केल्यावर डॉक्टरांनी मिनीबसचा परवाना काढायला मला धाडलं. चष्मे राहिले, पण नूरचा आवाज बंद केला गेला, आणि चष्मा हवा की नको ते ज्याचं त्याने ठरवायचं, असं ठरलं. मादाम इन्शिराह एवढ्यावर थांबणार नव्हत्या. त्यांनी कल्लिओपींचा चष्मा उचलून माझ्या हातात दिला. "हा कपाटात ठेव. किल्ली मला दे."

मादाम कल्लिओपींनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि जेवणाला हात लावला नाही. असं चालू राहिलं तेव्हा मादाम इन्शिराहच्या तोंडून शेवटी ते निघालंच. "अगं, ते तुझं कासोस नाहीये! कुठलं तरी बेट आहे, नाव चिकटवलंय!"

"मला माहीत आहे," भिंतीकडून आवाज आला.

"काय माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आई सांगायचा, आमच्या बेटावर दगड, नुसता दगड. आणि तिथे चर्चसमोर चिंच काय, बोगनवेल काय, बाग! मी खुळा आहे असं वाटलं तुला?" त्या वळल्या. डोळे कोरडे होते. "तुझा मम्दूह आला. हज्जचा मुलगा आला. तू फोन लावलास, सगळ्यांचं माणूस आलं. माझ्यासाठी कोणाला फोन लावलास? कोण आहे लावायला? मला ते बेट पुरे होतं, खोटं तर खोटं. ते पण तू कपाटात ठेवलंस."

मादाम इन्शिराह पलंगाच्या कडेवर बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे विचारायला प्रश्न नाही असं दिसत होतं. मग एक सापडला.

"आई कशी होती तुझी?"

"आता विचारतोस!"

"आता विचारतेय. सांग."

आधी ग्रीकमध्ये शिव्या आल्या. मग आई आली.

किल्ली मादामनी दुसऱ्या दिवशी मला परत दिली. पण त्यांच्या अटी होत्या. व्यायामाच्या बाईला परत पाठवायचं नाही. चष्मा दिवसातून एकदाच. आणि मिनीबस सुटेल त्या दिवशी कल्लिओपीही येणार, पलंगासकट न्यावं लागलं तरी.

"मी येणार नाही," कल्लिओपी म्हणाल्या. "समुद्र मी बघितला आहे."

गाडी सुटली त्या दिवशी मी आणि मदतीला आलेल्या मम्दूहने त्यांना खुर्चीसकट उचलून गाडीत चढवलं. कॉर्निशवर त्या दिवशी वारा वेडा झाला होता. कठड्याशी खुर्ची लावली आणि कल्लिओपींच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. गार आहे. वाळू डोळ्यांत जाते. पाणी घाण आहे, बघ, पिशवी तरंगतेय. गाड्यांचे हॉर्न कोण वाजवतो, गाढवाचा मुलगा. एक लाट कठड्यावरून उडाली आणि त्यांच्या मांडीवरची शाल भिजली, तेव्हा तर त्यांनी ग्रीक आणि अरबी दोन्ही भाषांत समुद्राचा उद्धार केला. माझे कान आनंदाने गरम झाले. इतके दिवस हे ऐकलं नव्हतं.

मादाम इन्शिराह शेजारी बसून होत्या, चेहरा पडलेला. त्यांना वाटलं होतं, पाणी बघून ही रडेल, हात धरेल. मध्येच त्या मला म्हणाल्या, "माझं चुकलं का, उस्ता? तिथे ती शांत तरी होती."

तेवढ्यात फ्रेस्कावाला आला, काचेच्या पेटीत मधाच्या पातळ चकत्या घेऊन. कल्लिओपींनी बोट दाखवलं. एक खाल्ली. मग आणखी एक. चिकट बोटं इन्शिराहच्या स्कार्फला पुसली.

आश्रमात परत आल्यावर त्यांनी चष्मा मागितलाच. मी बांधून दिला. मादाम इन्शिराहनी आपली खुर्ची त्यांच्या पलंगाला चिकटवून घेतली.

"काय दिसतंय?"

"बंदर."

"कोण आहे तिथे?"

"कोणी नाही. तूच ये ना."

"मी नाही येत. मला त्या पाण्याचा भरवसा नाही."

मी सूप घेऊन आलो. मसुराचं, वर लिंबू पिळलेलं. मादामनी वाटी हातात घेतली, वास घेतला, चमचाभर चाखलं आणि मान हलवली. मग म्हणाल्या, चष्मा काढल्याशिवाय हे मिळणार नाही. कल्लिओपींनी काहीतरी सणसणीत पुटपुटत चष्मा काढला आणि वाटी ओढून घेतली. सूप संपल्यावर भात आहे का, म्हणून विचारलं.

मादाम इन्शिराह माझ्यामागून दारापर्यंत आल्या. "भात मागतेय ही," त्या हळूच म्हणाल्या. "सिस्टरला सांग, ताप बघायला."